पंपाच्या स्टार्टर-डब्यात विमानाची बटणं

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरला जादा बटणं जोडायची म्हटली की माणूस सोल्डरिंगला घाबरतो, नाहीतर प्रोग्रॅमिंगला. ती दोन्ही कामं होऊन जातात. माझा उन्हाळा आणि अर्धा पावसाळा खाल्ला तो वेगळ्याच भानगडीने. कोणतं बटण कोणतं हे कम्प्युटरला एकदा सांगायचं, आणि लाईट जाऊन आल्यावरही त्याने ते लक्षात ठेवायचं, एवढीच ती भानगड. गावात राहून हे काम करायचं असेल तर काय लागतं, किती खर्च येतो आणि वेळ कुठे जातो, ते क्रमाने लिहितो.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये हिशेब आणि धर्मकाटा सांभाळतो. दिवाळीपासून कापसाच्या गाड्या लागतात त्या होळीच्या पुढेपर्यंत. तेव्हा विमान वगैरे काही सुचत नाही. उन्हाळ्यात मात्र संध्याकाळ मोकळी. घरी एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर आहे, कारण त्याची सीनरी एकदा डाउनलोड करून डिस्कवर ठेवता येते. उडता उडता खालची जमीन नेटवरून यायची वाट बघणं आमच्या गावात परवडत नाही. हाताशी लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो जॉयस्टिक, तिच्यावर १२ बटणं, एक हॅट (अंगठ्याने हवी त्या दिशेला ढकलायची टोपी) आणि थ्रॉटलची छोटी पट्टी. सेसना १७२ या छोट्या विमानाचं एवढ्यावर कसंबसं भागतं.

१६ एप्रिल २०२५ ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली. आमच्याकडे चहाच्या टपरीवर बरेच दिवस तोच विषय होता. मीही नागपूरहून बेलोऱ्याला सेसना काढली. १,८५० मीटरची धावपट्टी सेसनाला भरपूर होते, पण उतरायच्या वेळी एका हातात स्टिक आणि दुसऱ्या हाताने माउसचा बाण नेमका अल्टिमीटरच्या (उंची दाखवणाऱ्या घड्याळाच्या) एवढ्याशा घुंडीवर न्यायचा, हे काही खरं नव्हे. बाण घुंडीवर बसेपर्यंत विमानाचं नाक कुठल्या कुठे.

लगेच खरेदीला धावलो नाही. आठवडाभर कीबोर्डजवळ एक वही ठेवली आणि ज्या ज्या गोष्टीसाठी स्टिकवरचा हात किंवा समोरची नजर हलली, तिच्यापुढे रेघ मारत गेलो. हे प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे. कॉकपिटचा फोटो समोर ठेवून यादी केली तर ती पन्नाशी ओलांडते आणि त्यातली अर्धी बटणं वर्षात एकदाही दाबली जात नाहीत. माझ्या वहीत सगळ्यात जास्त रेघा हेडिंगच्या (विमानाच्या नाकाची दिशा ठरवायच्या) घुंडीला, त्याखालोखाल अल्टिमीटरवर लावायच्या हवेच्या दाबाला आणि ऑटोपायलटच्या उंचीला. मग दिवे, फ्युएल पंप, पिटो हीट (वेग मोजायची नळी गोठू नये म्हणून असलेला हीटर). एडीएफ या जुन्या दिशादर्शक रेडिओला एकही नाही. त्यावरून दोन डबे ठरले. डावा खटक्यांचा: बॅटरी, अल्टरनेटर, एव्हिऑनिक्स (रेडिओ वगैरे उपकरणं), फ्युएल पंप, पिटो हीट, बीकन (लुकलुकणारा दिवा), लँडिंग लाईट, नेव्हिगेशन लाईट, शिवाय इंधनाची टाकी निवडायचा स्विच आणि दोन दाबायची बटणं. उजवा पाच घुंड्यांचा: हेडिंग, उंची, दाब, कोर्स (ठरवलेल्या मार्गाची दिशा) आणि रेडिओ.

डब्याचा मेंदू म्हणून अर्डुइनो प्रो मायक्रो हा प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा सर्किट बोर्ड घेतला, प्रत्येक डब्याला एक. दुकानात नुसतं अर्डुइनो म्हटलं की ऊनो नावाचा दुसरा बोर्ड हातात देतात, तो या कामाला सरळ चालत नाही. प्रो मायक्रोवर एटीमेगा ३२यू४ ही चिप असते. तिला यूएसबी थेट बोलता येतं, म्हणून विंडोज तिला जॉयस्टिक समजू शकतं. बोर्ड मागवताना ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झचाच मागवा. हुबेहूब तसाच ३.३ व्होल्टचा, ८ मेगाहर्ट्झचाही मिळतो आणि त्यात ५ व्होल्टवाल्याच्या सेटिंगने प्रोग्रॅम टाकला की कम्प्युटर बोर्डाला ओळखेनासा होतो. तसं कोणाचं झालंच तर बोर्ड फेकू नका. रीसेट आणि ग्राउंड या दोन पिना तारेने पटकन दोनदा टेकवल्या की बोर्ड आठेक सेकंद नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार होतो. तेवढ्यात अपलोड साधायचं.

आता खरेदी. मेच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन ऑर्डर टाकायला बसलो, तर पिनकोड टाकताच ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही’. दुसऱ्या एका दुकानाने स्पीड पोस्टचा पर्याय दिला होता. गावाकडच्यांनी तोच आधी शोधावा. पत्त्यात गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा हे चारही लिहा. आमच्या गावाचं पोस्ट शेजारच्या गावात आहे, ते लिहिलं नाही तर पाकीट तालुक्यालाच मुक्काम करतं. मोबाईल नंबर पाकिटावर हवा, घ्यायला जाताना आधार कार्ड खिशात हवं. जीएसटीचं बिल जपून ठेवा आणि पाकीट फोडताना मोबाईलवर व्हिडिओ काढा, कारण बोर्ड मेलेला निघाला तर दुकानदार दोन्ही मागतो. माझी ऑर्डर ८ मेची, पाकीट हातात आलं १९ मेला. दोन बोर्ड १,०४० रुपये, टपाल ८०.

खटके आणि घुंड्या मात्र हाताने फिरवून बघितल्याशिवाय घेऊ नयेत. त्यासाठी सकाळच्या गाडीने नागपूर गाठलं, सीताबर्डीत उतरलो. आठ टॉगल स्विच २५ रुपयांप्रमाणे. घुंडीच्या आत जो भाग बसतो त्याला रोटरी एन्कोडर म्हणतात, ईसी-११ नावाने मागायचा, एका फेऱ्यात वीस खटके आणि दाबलं की आत बटण. ४५ रुपयांप्रमाणे सहा घेतले, एक राखीव. तिथे पोटेन्शिओमीटर दाखवून ‘हेच ते’ म्हणतील. फिरवून बघा: एन्कोडर कुठेच अडत नाही, गोल गोल फिरत राहतो. वरच्या टोप्या, तार, सोल्डर, स्लीव्ह, रेझिस्टर धरून आणखी ३६० रुपये गेले.

डब्याचा प्रश्न आमच्या रिवाइंडिंगवाल्या भाऊने सोडवला. त्याच्या दुकानामागे शेतीपंपांच्या जळालेल्या स्टार्टरचे रिकामे लोखंडी डबे पडलेले असतात. जाड पत्रा, झाकणाला बिजागरी, खाली तार आत घ्यायचं भोकही तयार.

“मुनीमजी, मोटर कोनती लावता याच्यावर?”

“मोटर नाही भाऊ, विमान.”

“मंग त् थ्री फेज लागंल.”

दोन डब्यांचे त्याने ३०० रुपये घेतले, भोकं पाडायचे १५०. टॉगलला ६ मिलिमीटर, एन्कोडरला ७ आणि पॅनेलवरच्या जाड बटणांना २२. कागदावर आखणी करून तो कागद झाकणावर चिकटवला आणि त्यावरूनच पंच मारला. खटक्यांमध्ये २५ मिलिमीटर अंतर ठेवलं. कमी ठेवलं तर अंधारात बीकनऐवजी पिटो हीट पडते. भोकांच्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर तारेचं प्लॅस्टिक सोलतं.

जाड बटणं पंपाच्या पॅनेलचीच घेतली, दोन मिळून १४०. हिरवं इंजिनाच्या स्टार्टरला, लाल ऑटोपायलट तोडायला. इथे एक बारकावा आहे. पॅनेलच्या हिरव्या बटणामागचा काँटॅक्ट दाबल्यावर जुळतो आणि लाल बटणामागचा दाबल्यावर सुटतो, कारण पंप बंद करायला तेच लागतं. विमानात ते उलटं पडतं. काही न करता लाल बटण कायम दाबलेलंच दिसतं आणि ऑटोपायलट लागतच नाही. मागचा लाल तुकडा काढून हिरवा बसवला की झालं, स्टार्टर दुरुस्त करणाऱ्या कोणाकडेही तो मिळतो.

टाकी निवडायला कूलरचा स्विच वापरायचं मी ठरवलं होतं. सेसनात डावी, दोन्ही आणि उजवी अशा तीन जागा, कूलरला बंद सोडून तीन स्पीड. घरात जुना पडलेला होताच. भाऊने तो हातात घेऊन मान हलवली. “हा सहा अँपिअरचा हाये मुनीमजी. तुमच्या कम्प्युटरचा करंट त्याले मुंगीएवढा. त्याले समजनारच नाही कोनी आलं का गेलं.” त्याचं बरोबर होतं. बोर्डाच्या आतला पुल-अप रेझिस्टर (बटण सुटलेलं असताना पिनेला ५ व्होल्टला धरून ठेवणारा) २० ते ५० किलोओहमचा असतो, म्हणजे ५ व्होल्टवर काँटॅक्टमधून पाव मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात नाही. मोठ्या करंटसाठी बनवलेल्या आणि वर काळा थर चढलेल्या काँटॅक्टला एवढ्याने जाग येत नाही. बटण मध्येच लागतं, मध्येच सुटतं. उपाय स्वस्त आहे: स्विचच्या प्रत्येक तारेला बाहेरून एक किलोओहमचा रेझिस्टर लावून ५ व्होल्टला जोडायचा. मग ५ मिलिअँपिअर जातात आणि स्विच शहाण्यासारखा वागतो. काँटॅक्ट आधी बारीक पॉलिश पेपरने पुसून घेतले ते वेगळंच.

सोल्डरिंग मेच्या शेवटच्या आठवड्यात केलं. बाहेर पंचेचाळीसच्या आसपास आणि आत पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्याने सोल्डरिंग गनचं टोक थंड पडतं आणि तारा हलतात. पहाटे पाच ते आठ ही वेळ धरा, दुपारी करायच्या फंदात पडू नका. तारा रंगाने ठरवा: सगळ्या ग्राउंड काळ्या, घुंडीच्या दोन बाजू पिवळी आणि निळी. डबा लोखंडी असल्याने प्रत्येक जोडावर स्लीव्ह चढवली. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, केबलला हिसका बसला की पट्टीसकट उखडून येतं. मी सॉकेटवर ग्लू गनचा गोळा बसवला आणि केबल डब्याच्या आत बोर्डापासून वीतभर अंतरावर टायने आवळली.

जूनमध्ये प्रोग्रॅम. अर्डुइनोसाठी जॉयस्टिकची तयार लायब्ररी फुकट मिळते, तिच्यासोबत आलेल्या नमुन्यात आपल्या पिनांचे नंबर घातले की विंडोजला जॉयस्टिक दिसायला लागते. स्टार्ट मेनूत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करून जी खिडकी उघडते तिच्यात बटण दाबलं की लाल दिवा लागतो. ती खिडकी ३२ च बटणं दाखवते. एकाच डब्यात सगळं न कोंबता दोन केले त्याचं हेही एक कारण, दोन्ही ३२ च्या आत बसतात. लायब्ररीला न वापरलेले सगळे अक्ष बंद करायला सांगा. नाहीतर विंडोजला वाटतं या डब्यावर थ्रॉटल, रडर, ब्रेक सगळंच आहे, आणि काही सिम्युलेटर त्यांना आपणहून कामाला लावतात.

आता खटक्यांचा गुंता. एक्स-प्लेनमध्ये लँडिंग लाईटला तीन आज्ञा आहेत: चालू, बंद आणि टॉगल, म्हणजे आहे त्याच्या उलट. टॉगल निवडला तर पहिल्या दिवशी छान वाटतं. मग कधीतरी माउसने दिवा बंद होतो, किंवा विमान इंजिन चालू स्थितीतच लोड होतं, आणि त्यानंतर खटका वर म्हणजे दिवा बंद असा उलटा कारभार चालू होतो. म्हणून प्रत्येक खटक्याला दोन बटणं दिली. खटका वर गेला की एका बटणाचा क्षणभर दाब, त्याला ‘चालू’ची आज्ञा. खाली आला की दुसऱ्याचा, त्याला ‘बंद’ची. आठ खटक्यांची सोळा बटणं होतात, पण भांडण मिटतं. शिवाय लाल बटण तीन सेकंद धरलं की डबा सगळ्या खटक्यांची स्थिती ओळीने पुन्हा कळवतो, एवढं प्रोग्रॅममध्ये घालून ठेवलं. विमान नवीन लोड केलं की आधी ते करायचं.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि लाईटचा खेळ सुरू झाला. घरात इन्व्हर्टर आहे, कम्प्युटरला यूपीएस आहे, तरी लाईट गेली की विमान हवेत आणि डबे गायब. लाईट आली की डबे परत, पण डाव्या डब्याचा खटका टाकला की उजव्याची घुंडी फिरल्यासारखं व्हायचं. कारणं दोन होती. पहिलं, दोन्ही डबे ज्या यूएसबी हबला लावले होते (९०० रुपये, स्वतःच्या अडॅप्टरचा) त्याचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या बोर्डात होता. इन्व्हर्टर चालू व्हायला लागतो त्या निमिषभरात हब मरून उठायचा. अडॅप्टर यूपीएसच्या बोर्डात घातला. सोबत विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं, नाहीतर वीज वाचवायच्या नादात विंडोज हे डबे मध्येच झोपवू शकतं.

दुसरं कारण नावाचं. दोन्ही बोर्डांत प्रोग्रॅम टाकताना बोर्डाचा प्रकार म्हणून ‘लिओनार्डो’ निवडलं होतं, सगळीकडे तसंच सांगतात. त्यामुळे दोघांचं नाव एक, कंपनी क्रमांक एक, वस्तू क्रमांकही एक. पुन्हा जोडणी झाली की कोण आधी उठेल त्यावर डावं-उजवं ठरायचं. यावर बोर्डाच्या सेटिंगची फाइल उघडून क्रमांक बदलायचा उपाय आहे, पण त्याहून सोपी युक्ती अशी: एका बोर्डात प्रोग्रॅम टाकताना ‘लिओनार्डो’ निवडा आणि दुसऱ्यात ‘मायक्रो’. चिप तीच असल्याने दोन्ही चालतात, पण लिओनार्डोचा वस्तू क्रमांक ८०३६ आणि मायक्रोचा ८०३७. नावंही आपोआप वेगळी. त्या दिवसापासून डावा डबा डावाच राहिला, मग लाईट कितीही वेळा जावो. एक्स-प्लेनमधली नेमणूक मात्र नव्या क्रमांकावर पुन्हा करावी लागते, म्हणून हे काम बटणं नेमायच्या आधी उरका.

जुलै सगळा घुंड्यांवर गेला. एन्कोडरचा प्रत्येक खटका म्हणजे एक बटण दाबून सोडल्यासारखं. सिम्युलेटर हे बटण दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, एकदा बघतो. माझ्या जुन्या ग्राफिक कार्डावर सेकंदाला पंचवीस-तीस फ्रेम मिळतात, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३-४० मिलिसेकंद. बटण त्याहून कमी वेळ दाबलं गेलं तर ते कधी दिसतं, कधी दिसतच नाही. प्रोग्रॅममध्ये दाब ६० मिलिसेकंदांचा केला, मध्ये तेवढीच फट ठेवली आणि घुंडी भरभर फिरवली तर खटके रांगेत साठवून एकेक पाठवायचे असं केलं.

हे बरोबर झालं की नाही हे तपासायला नागपूरचा विमानतळ कामी आला. विमान ३२ क्रमांकाच्या धावपट्टीवर उभं करायचं, हवामान हाताने लावून दाब २९.९२ इंच ठेवायचा. अल्टिमीटरवरही २९.९२ लावलं की काटे १,०३० फुटांच्या आसपास येतात, कारण विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण तेवढाच उंच आहे. दाबाची घुंडी एक खटका फिरली की ०.०१ इंच, म्हणजे दहाएक फूट. दहा खटक्यांना शंभरच्या आसपास फूट हलायला हवेत. सुरुवातीला दहा खटक्यांना काटा साठवरच अडायचा, म्हणजे चार खटके वाटेत हरवत होते. दाबाचा वेळ वाढवत गेलो आणि काटा पुढे सरकत गेला. शेवटी घुंडीच्या पिवळ्या आणि निळ्या तारेतून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर टाकले, तेव्हा उलट्या दिशेचे भुताटकी खटकेही थांबले. हेडिंगचं मात्र रांगेने भागत नाही. १४० वरून ३२० वर न्यायला १८० खटके लागतात आणि तोवर वळण निघून जातं. तिथे घुंडी दाबण्याला ‘हेडिंग सिंक’ची, म्हणजे नाक आहे तीच दिशा लावायची, आज्ञा दिली: विमान हाताने वळवायचं, दाबायचं, मग चार-दोन अंश फिरवायचे.

नावं लिहायचं काम दहावीतल्या पोरीने पांढऱ्या पेंट पेनने केलं. ते वर पारदर्शक नेलपॉलिश मारल्याशिवाय टिकत नाही, घामाने आठवड्यात पुसट होतं.

डबे बघायला गल्लीतली पोरं येतात, सोबत त्यांचे बापही. एकाने विचारलं, “मुनीमजी, पोट्टा रोज इथं बसला त् पायलट होईन का?” तर नाही. कमर्शियल पायलटच्या परवान्याला २०० तास खऱ्या विमानात लागतात, आणि सिम्युलेटरचे म्हणून जे काही तास धरतात ते डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) मान्यता दिलेल्या यंत्रावरचेच. कूलरच्या स्विचवरचे तास कोणत्याही वहीत चढत नाहीत. विमान कसं चालतं ते कळतं, इंग्रजी चेकलिस्ट वाचायची सवय लागते, एवढंच मी सांगतो आणि गोंदियाजवळच्या बिरसीला प्रशिक्षण संस्था आहे, तिकडे चौकशी करायला सांगतो.

पोळ्याच्या आठवड्यात दोन्ही डबे टेबलाला स्क्रूने बसवले. खर्च सगळा मिळून ३,४४० रुपये, गाडीभाडं वेगळं. काम संपल्यावर दोन गोष्टी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा: दोन्ही बोर्डांचे प्रोग्रॅम, आणि एक्स-प्लेनच्या फोल्डरमध्ये ‘आउटपुट’, त्यात ‘प्रेफरन्सेस’, त्यात ‘कंट्रोल प्रोफाइल्स’ नावाचं फोल्डर आहे, ते पूर्ण. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली आणि हे फोल्डर हाताशी नसलं, तर छत्तीस बटणं पुन्हा एकेक करून नेमत बसावं लागतं.